वहीतला चौथा रकाना

2018च्या दिवाळीनंतर आम्ही नाशिकचे भाड्याचे घर सोडून अमळनेर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात राहायला आलो. सासरे वारले होते, सासूबाई एकट्या पडल्या होत्या आणि यजमानांचा कारखान्यातला करार संपत आला होता, त्यामुळे या निर्णयात धाडसापेक्षा नाइलाजच जास्त होता. तापीच्या अलीकडची सात एकर काळी जमीन, एक विहीर, धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, तीन खोल्यांचे जुने घर आणि गावापर्यंतचा तीन किलोमीटरचा कच्चा रस्ता एवढीच आमची पुंजी होती. पिके दोनच, कपाशी आणि दादर. कपाशीचे पैसे हिवाळ्यात येत आणि दादर ज्वारीचे फाल्गुन-चैत्रात. किराणा, मुलाची फी आणि सासूबाईंची औषधे मात्र दर महिन्याला दारात उभी राहत. शेती सोडून बाहेर नोकरीला जाणे दोघांनाही शक्य नव्हते, म्हणून मळ्यात राहूनच महिन्याकाठी काही रक्कम हाती येईल असे काम शोधणे भाग होते.

ते शोधताना आम्ही एक वही घातली. तारीख, खर्च आणि जमा हे तीन रकाने कोणत्याही घरच्या वहीत असतात. यजमानांनी चौथा रकाना आखला आणि त्यावर ‘तास’ असे लिहिले. कारखान्यात रोज कामाचे तास भरून देण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती, दुसरे काही कारण नव्हते. सासूबाईंना हा प्रकार पोरखेळ वाटला. “तुन्हा तासना पैसा कोन देई?” असे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले, आणि त्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

पहिला प्रयोग अर्थातच दुधाचा, कारण म्हशी राखणे हे आमच्याकडे काम मानलेच जात नाही, तो घरातला रिवाज असतो. दोन म्हशींचे दहा लिटर दूध डेअरीवर जाई आणि घरी दोन लिटर राही. त्या वेळी आम्हाला सरासरी 42 रुपये भाव मिळाला, म्हणजे दिवसाला 420 रुपये. त्यातून सरकी पेंड, चुनी आणि विकतच्या हिरव्या चाऱ्याचे 270 रुपये गेले की 150 उरत. चौथा रकाना पाहिला तर धारा, शेण, पाणी, वैरण आणि डेअरीची फेरी मिळून दिवसाला साडेचार तास जात होते. तासाला 33 रुपये. त्या वर्षी निंदणीला येणाऱ्या बायांना आम्ही पाच तासांचे 150 रुपये देत होतो, म्हणजे मी माझ्याच म्हशींकडे मजुरीपेक्षा तीन रुपये जास्त दराने कामाला होते, आणि म्हशीचा भाकड काळ धरला तर तेवढेही उरत नव्हते. घरच्या दुधाचे आणि शेणखताचे मोल यात धरलेले नाही असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर आहे. म्हणूनच एक म्हैस आम्ही ठेवली आणि दुसरी विकली.

कोंबड्यांचा अनुभव जास्त महाग पडला. 2019च्या जानेवारीत गिरीराज जातीची शंभर पिल्ले आणली, विहिरीजवळ पत्र्याचे शेड उभारले आणि चार महिने सगळे सुरळीत चालले. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला. कोंबडीला घाम येत नाही; चोच उघडी ठेवून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर टाकते आणि हवाच तापलेली असली की तोही उपाय संपतो. शेड उभे करताना आम्ही मुंगसाचा विचार केला होता, बिबट्याचाही केला होता, पण उघड्या पत्र्याखाली काय होईल याचा केला नव्हता. दोन दुपारींत चौतीस पक्षी मेले. त्यानंतर पत्र्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, थर टाकला, बाजूंना ओली पोती बांधली, पाण्यात गूळ-मीठ दिले. उरलेल्या वाचल्या, परंतु त्या हंगामाचा हिशेब कायमचा तोट्यात गेला. आज आमच्याकडे वीसेक कोंबड्या आहेत, त्या आंब्याखाली हिंडतात आणि अंडी गावातच खपतात. ती चिल्लर कमाई आहे आणि तिला मी चिल्लरच म्हणते.

गांडूळखत आणि रोपे यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गांडुळांचे दोन वाफे कडुनिंबाखाली केले, दोन महिन्यांत खत तयार होऊ लागले, परंतु घेणारे शेजारी उधारीवर नेत आणि कपाशी विकल्यावर देऊ म्हणत. शेवटी ते खत आम्ही आमच्याच वावरात टाकू लागलो आणि दुकानातली खताची काही पोती कमी झाली. वहीत जमेच्या बाजूला काही दिसत नाही, खर्चाच्या बाजूला मात्र दिसते. रोपांमध्ये भरिताच्या वांग्याची रोपे ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढवून दिली, पहिल्या वर्षी बरी खपली, दुसऱ्या वर्षी जास्त पाणी झाल्याने निम्मी बुडाशी कुजून कोलमडली. आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले आणि ते काम तिथेच थांबले.

भरिताचाही मोह झाला होता. हिवाळ्यात जळगावकडे भरीत किलोवर विकले जाते, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजण्याची चव गॅसवर येत नाही आणि काड्यांचा तर आमच्याकडे ढीग होता. चार रविवारी करून पाहिले. सकाळी केलेले भरीत दुपारपर्यंत खपले पाहिजे, गिऱ्हाईक शहरात, आम्ही मळ्यात आणि मधला रस्ता कच्चा. पदार्थ उत्तम होता, पण मळ्याच्या जागेशी त्याचे जुळत नव्हते. टिकणारा, वजनाला हलका आणि आमच्याकडे मुबलक असलेल्या कशापासून तरी होणारा जिन्नस हवा, हे तेव्हा कुठे मनात स्पष्ट झाले. मुबलक आमच्याकडे दोनच गोष्टी होत्या: दादर ज्वारी, आणि ज्याने माझ्या कोंबड्या मारल्या ते ऊन.

सासूबाई दर वर्षी महाशिवरात्रीनंतर बिबडे, म्हणजे ज्वारीचे वाळवलेले पापड, करीत. 2019च्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी नणंद सुरतेहून माहेरी आली तेव्हा जाताना चार किलो घेऊन गेली. ती उधन्याला राहते. त्या भागात आपल्या खान्देशातली इतकी कुटुंबे आहेत की तिथल्या गल्लीत गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. त्या सगळ्यांना बिबडे, कुरडया आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ हवे असते आणि तिथल्या खोल्यांमध्ये वाळत घालायला गच्ची नसते. 2020ची अखाजी टाळेबंदीत आली, नणंद येऊ शकली नाही, आणि घरात करून ठेवलेला माल तसाच राहिला. पुढे गाड्या सुरू झाल्यावर तिने एकदम पंधरा किलोंची मागणी कळवली. अमळनेर स्थानक तापी मार्गावर असल्यामुळे सुरतेला जाणारे ओळखीचे माणूस शोधावे लागत नाही, ते आपणहून भेटते. पहिली पंधरा किलो अशीच एका नातेवाइकाच्या हाती गेली.

बिबडे कसे करतात हे खान्देशात सांगण्याची गरज नाही, परंतु विकण्यासाठी करताना काय बदलते ते सांगितले पाहिजे. ज्वारी किंचित ओली करून कांडून आणायची, सालपट पाखडायचे, रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवायची, मग निथळून, कापडावर अर्धवट सुकवून रवाळ दळायची. पहाटे चारला चूल पेटते. आधणात मीठ, जिरे, तीळ, लसूण आणि मिरची घालून पीठ वैरायचे आणि चाटूने हलवत राहायचे; हाच घाटा. “घाटाले सोडीसन जावानं नई,” हा सासूबाईंचा एकच नियम होता, आणि एकदा फोन घेण्यासाठी मी तो मोडला तेव्हा दहा किलोंचा घाटा तळाला लागून त्याचा जळका वास सगळ्या मालाला आला. ‘घरबसल्या कमाई’ हा शब्द ज्याने काढला त्याने घाटा कधी हलवलेला नसावा. गरम घाट्याचा गोळा ओल्या धोतरावर ठेवून पाण्याच्या हाताने थापायचा, आणि हे सगळे साडेनवाच्या आत उरकायचे, कारण त्यानंतर धाब्यावर पाय ठेववत नाही. दुसऱ्या दिवशी कापड उलटे करून मागून पाण्याचा शिपका मारला की बिबडे सुटतात.

घरी खायचे बिबडे जाड-पातळ झाले तरी चालतात. विकताना पातळ बिबडा तळताना जळतो आणि जाड कच्चा राहतो, व गिऱ्हाईक दोन्ही लक्षात ठेवते. म्हणून आम्ही गोळा वाटीने मोजू लागलो. वाळवण्यातही मला एक गोष्ट चुकत शिकावी लागली. पहिल्या वर्षी संध्याकाळी धाब्यावरून उतरवलेले, अंगाला कोमट लागणारे बिबडे मी लगेच पिशव्यांत भरले. आत वाफ धरली, आणि आषाढात अकरा किलो माल बुरशीने परत आला. आता ते मोडून पाहतो, कडकन आवाज आला नाही तर आणखी एक ऊन देतो, आणि पूर्ण वाळलेला माल रात्रभर सावलीत थंड करून दुसऱ्या दिवशीच जाड पिशवीत बंद करतो. कुरडयांचे उलट आहे. त्यांना सुरुवातीलाच फार कडक ऊन लागले तर तारा तडकतात, म्हणून पहिला दिवस त्या आंब्याच्या विरळ सावलीत असतात.

वावटळीने धूळ येते, कावळे येतात, आणि मार्चमधला अवकाळी पाऊस तर एका तासात तीन दिवसांचे काम चिखलात घालतो. बांबूच्या कमानींवर जाड प्लॅस्टिक कागद ताणून वाळवणीचा एक बोगदा आम्ही 2022मध्ये केला, चौदा हजार खर्च आला. पहिल्या आठवड्यात दोन्ही टोके बंद ठेवल्यामुळे आत नुसती वाफ कोंडली आणि माल वाळण्याऐवजी उबला; दोन्हीकडे जाळी लावून वारा खेळता केल्यावर तो कामी आला.

नोंदणीची गोष्ट थोडी वेगळी आहे. सुरतेच्या ओळखीच्या घरांपर्यंत माल जात होता तोवर कोणी काही विचारले नाही, पण पुण्यातल्या एका दुकानदाराने अन्नसुरक्षेचा क्रमांक मागितला आणि तेव्हा आम्ही जागे झालो. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या घरगुती उत्पादकाला 2021मध्ये मोठा परवाना लागत नव्हता. नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. काम इतके स्वस्त आणि सोपे असूनही आम्हाला त्यात अडीच महिने लागले. तालुक्याच्या ठिकाणी एका केंद्रावर अर्ज भरून घेतला, तर तिथल्या मुलाने आम्हाला उत्पादकाऐवजी विक्रेत्याच्या वर्गात टाकले आणि शुल्क वाया गेले. दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा पत्त्याच्या पुराव्यावर अडले, कारण मळ्यातले घर गावठाणाबाहेर, वीजबिल शेतीपंपाचे आणि तेही दिवंगत सासऱ्यांच्या नावावर. शेतीच्या जोडणीवर घरगुती धंदा चालवणे तसेही नियमात बसत नाही. आधी घरासाठी स्वतंत्र जोडणी घेतली, त्या बिलावर माझे नाव आले, मग 14 अंकी क्रमांक मिळाला. मळ्यात राहून काही विकण्याचा विचार करणाऱ्याने सगळ्यात आधी वीजबिलावरचे नाव पाहावे, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

पुढे पाकिटावर काय छापायचे याचा धडा होता: घटक उतरत्या प्रमाणात, निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, बॅच क्रमांक, किती महिन्यांत वापरावे, आमचा पत्ता, तो क्रमांक आणि चौकोनातला हिरवा ठिपका. पहिली पाचशे लेबले मी हौसेने छापून आणली आणि त्यांत बॅच क्रमांकाला जागाच नव्हती. ती अजून मुलाच्या वह्यांना चिकटवायला उपयोगी पडत आहेत.

याच सुमारास सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेची माहिती मिळाली. प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान, ते बँककर्जाशी जोडलेले आणि स्वतःचा वाटा किमान 10 टक्के, असे तिचे स्वरूप होते. जळगाव जिल्ह्याचे ठरलेले उत्पादन केळी असल्यामुळे सल्ला देणारे बहुतेक जण वेफर्सकडे वळवत. आम्ही पीठ मळण्या-थापण्याच्या यंत्रांचे दरपत्रक मागवले, हप्ता काढला आणि मग वही उघडली. आमचे काम फेब्रुवारीअखेर ते मेच्या मध्यापर्यंतच चालते, बँकेचा हप्ता मात्र बारा महिने येतो. योजना वाईट नव्हती, ती आमच्या उन्हाळ्याच्या मापाची नव्हती. आम्ही अर्ज केला नाही.

माल बाहेरगावी पाठवण्यात कुरडयांनी फार छळले. बिबडे एकावर एक रचून, पुठ्ठ्यात बांधून निर्धास्त जातात. कुरडई वजनाला पिसासारखी आणि आकाराने मोठी, आणि कुरियरवाले वजनासोबत खोक्याचे मापही धरतात. त्यामुळे दोन किलो कुरडयांच्या खोक्याला पाच-सहा किलोंचे भाडे पडले आणि पोचेपर्यंत निम्मा चुरा झाला. आता कुरडया फक्त अमळनेर आणि धुळ्यात, हाती देता येतील तेवढ्याच करतो. चुरा मात्र फेकत नाही. तो फोडणी घालून भाजीसारखा करायला नेणारी दहा-बारा घरे आहेत. कळण्याचे पीठ आम्ही चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे काळे उडीद आणि खडे मीठ घालून दळून आणतो; त्याला उन्हाची गरज नाही, म्हणून पावसाळ्यातही थोडे चलन सुरू राहते.

आता हिशेब. 2022मध्ये दहा किलो ज्वारीच्या एका घाण्याला आमचा खर्च असा होता: ज्वारी 320, तीळ-जिरे-मिरची-लसूण 260, कांडण-दळण 80, जळण घरचे असले तरी धरलेले 60, पिशव्या व लेबले 120, आणि अर्ध्या दिवसासाठी येणाऱ्या दोघी मावशींची मजुरी 300; एकूण 1140 रुपये. साडेआठ किलो बिबडे उतरत आणि 280च्या भावाने 2380 रुपये येत. उरले 1240. चौथ्या रकान्यात माझे बारा तास होते: आठ तास करण्याचे, दोन भरण्याचे, दोन फोन आणि पार्सलांचे. तासाला 103 रुपये. दुधाच्या 33च्या शेजारी हा आकडा मी लाल पेनाने लिहिला होता, आणि दोन हंगाम तो मला फार आवडत होता.

2024च्या चैत्रात एका संध्याकाळी मी हिशेब लिहीत असताना सासूबाई धाब्यावरून उतरल्या, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकल्या आणि गुडघे चोळत त्यांनी विचारले, “मन्हा तास लिखात का, पोरी?”

लिहिले नव्हते. सहा वर्षांत एकदाही नाही. ज्वारी निवडणे, पाणी बदलणे, घाट्याची चव घेणे, कावळे हाकणे आणि वाळलेला प्रत्येक बिबडा हाताने सोडवणे ही कामे वहीच्या दृष्टीने आपोआप होत होती. त्यांना विचारून अंदाज काढला, तर एका घाण्यामागे त्यांचे किमान पाच तास निघाले. 1240ला सतराने भागल्यावर तासाला 73 रुपये आले, आणि माझा लाल आकडा खोटा ठरला. त्या आठवड्यात आम्ही भाव 280वरून 320 केला. खर्च तोच धरला तर आता 1580 उरतात, म्हणजे तासाला 93. प्रत्यक्षात त्या वर्षी तीळ महागले होते, त्यामुळे 90च्याही थोडे खालीच राहिले.

पुण्याच्या दुकानदाराने नव्या भावाने माल घेण्यास नकार दिला. सुरतेच्या बाया दोन दिवस कुरकुरल्या आणि नणंदेमार्फत नेहमीची यादी आली. सासूबाईंच्या वाट्याचे पैसे मी दर घाण्यानंतर वेगळ्या डब्यात ठेवते. त्यातून त्यांनी अजून काही घेतलेले नाही, मात्र दर रविवारी डबा उतरवून मोजतात आणि एकदा वीस रुपये कमी निघाले तेव्हा त्यांनी मला झोपेतून उठवले होते.